‘कानातला खडा’ की कर्णाश्म?

प्रश्न असा आहे: कॉडसारख्या माशांच्या उत्क्रांतीवर लिहिताना ‘ऑटोलिथ’ला, म्हणजे माशाच्या कानात असणाऱ्या बारीक दगडाला, ‘कानातला खडा’ म्हटले तर चालेल का?

अर्थ पोचेल, पण मी नाही वापरणार. शरीरातला खडा म्हटले की आपल्याला मूतखडा आठवतो, म्हणजे दुखणे. (शिवाय ‘कानाला खडा’ आधीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे.) माशाच्या कानातला दगड हा आजार नव्हे, तोल सांभाळायला आणि आवाज टिपायला तो लागतोच. त्यापेक्षा ‘कर्णाश्म’ बरा. ग्रीक शब्दाची फोडही हीच, कान आणि दगड. मूळ शब्दच ठेवायचा तर ‘ओटोलिथ’ लिहा. ‘ऑटोलिथ’ हा भूविज्ञानातला निराळाच शब्द आहे: अग्निज खडकात अडकलेला, त्याच शिलारसातून आधी घट्ट झालेला तुकडा.

खरी पंचाईत ‘फॉसिल ओटोलिथ’ची. ‘जीवाश्म कर्णाश्म’ म्हणताना जीभ अडखळते. ‘अश्मीभूत कर्णाश्म’ तर नकोच, कारण तो मुळातच दगड. माशाच्या कानात असतानाच तो कॅल्शियम कार्बोनेटचा, बहुधा अ‍ॅरागोनाइट या रूपात, थरावर थर चढून वाढतो, आणि चिकणमातीच्या चांगल्या थरात गाडला गेला तर कोट्यवधी वर्षांनीही पुष्कळदा तेच खनिज शिल्लक असते. ‘पुराकालीन कर्णाश्म’ म्हणावे.

माशाला कर्णाश्मांच्या तीन जोड्या असतात: सॅजिटा, लॅपिलस, अ‍ॅस्टेरिस्कस. लॅटिनमध्ये अनुक्रमे बाण, छोटा खडा, छोटा तारा. म्हणजे तुमचा खडा अगदीच हद्दपार होत नाही, फक्त लॅपिलसपुरता राखून ठेवा. कॉडच्या उत्क्रांतीच्या चर्चेत येतो तो सॅजिटा. त्याच्या आतल्या बाजूला एक लांबट खाच असते, सल्कस. कॉडच्या कुळात ती मध्यभागी आवळलेली दिसते. अशा खुणांवरून गट ओळखता येतो. जर्मन जीवाश्मतज्ज्ञ एर्न्स्ट कोकेनने 1884 मध्ये उत्तर जर्मनीतल्या ऑलिगोसीन (सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वीच्या) थरांतले कर्णाश्म याच रीतीने अभ्यासले. अखंड सांगाडे दुर्मीळ, त्यामुळे कित्येक नष्ट जाती केवळ कर्णाश्मांवरूनच ठाऊक आहेत. त्या माशाचे अंग कसे होते ते कुणी पाहिलेले नाही.

म्हणून आणखी एक सुचवतो. डेन्मार्कमधल्या सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीच्या, पॅलिओसीन काळातल्या नमुन्यांना ‘कॉडचे कर्णाश्म’ म्हणू नका. कॉड हा आजचा एक मासा. तो आणि हॅडॉक, हेक, ग्रेनेडियर हे त्याचे नातलग मासे सगळे मिळून जो गण होतो त्याला ‘कॉडगण’ म्हणा.