चामडे आणि रंग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घरच्या घरी चामड्याच्या वस्तू तयार करण्याविषयी आम्ही प्रश्न मागवले, तेव्हा कापणी आणि शिवण यांबद्दल अधिक पत्रे येतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बहुतेक पत्रे रंगाबद्दलच आली. त्यांतील निवडक प्रश्न थोडक्यात देऊन पुढे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : स्पिरिटमधील तपकिरी रंग मी एका पट्ट्याला दिला, तर तो ढगाळ आणि पट्ट्यापट्ट्यांचा बसला. त्याच बाटलीतील रंग माझ्या मैत्रिणीच्या पाकिटाला मात्र एकसारखा बसला आहे. रंगात भेसळ असेल का?
— एक वाचिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : एकाच बाटलीतील रंग एका वस्तूला नीट बसला असेल, तर रंगावर संशय घेण्याआधी चामड्याकडे पाहावे. ते कसे कमावले आहे, म्हणजे कच्च्या कातड्यापासून कसे तयार केले आहे, हा पहिला प्रश्न. बाभळीची साल, हिरडा, तरवड अशा वनस्पतिजन्य टॅनिनांनी (तुरट द्रव्यांनी) कमावलेले चामडे कापलेल्या कडेला आतपर्यंत फिकट तपकिरी दिसते आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो जिरून तेवढी जागा गडद होते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचा गाभा बहुधा निळसर राखाडी असतो. बाजारात मिळणाऱ्या अशा चामड्यावर पुष्कळदा आधीच लेप दिलेला असतो आणि त्यावर स्पिरिटचा रंग कुठे शिरतो, कुठे नुसता पसरतो. आपला पट्टा आणि मैत्रिणीचे पाकीट या दोन प्रकारांपैकी कशाचे आहे, ते आधी तपासावे. शिवाय एकाच कातड्याचा पोटाकडील भाग सैल धाग्यांचा असल्याने पाठीकडील भागापेक्षा अधिक रंग पितो. लांब पट्टा कापताना त्यात असे दोन्ही भाग आले, तर रंगातील फरक ठरलेलाच.

दुसरे कारण नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि हवा कोरडी असते, त्यामुळे हात पट्ट्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचण्याआधीच पहिल्या टोकाचे स्पिरिट उडून गेलेले असते आणि जिथे ओला हात सुकलेल्या रंगावर पुन्हा फिरतो तिथे गडद रेघ उमटते. यावर उपाय असा, की आदल्या रात्री चामड्याला तेलाचा अगदी हलका हात द्यावा, रंगात त्याच प्रकारचे स्पिरिट मिसळून तो निम्मा पातळ करावा आणि सकाळी लवकर, लोकरीच्या बोळ्याने गोलाकार हात फिरवीत संपूर्ण पट्टा एका बैठकीत रंगवावा. एक गडद हात देण्यापेक्षा दोन-तीन फिकट हात, मध्ये सुकायला वेळ देऊन, द्यावेत. कूलरच्या झोतात पट्टा मुळीच टांगू नये, कारण झोताकडची बाजू आधी सुकते आणि उडालेले पाण्याचे शिंतोडे डाग पाडतात. खिडक्या उघड्या असाव्यात, हातात मोजे असावेत आणि जवळ गॅसची शेगडी पेटलेली नसावी, कारण रंगकामासाठी मिळणारे स्पिरिट ज्वलनशील तर असतेच, शिवाय त्यात बहुधा विषारी मिथेनॉल असते.

बिघडलेला पट्टा फिकट करणे जवळजवळ अशक्य आहे. त्यावर अधिक गडद तपकिरी किंवा काळा रंग द्यावा, एवढेच सुचवता येईल.

प्रश्न : काळ्या पट्ट्यामुळे पांढऱ्या पँटला डाग पडतात आणि पट्ट्यावर हिरवट-तांबूस चकाकी दिसते.
— एक वाचक, महाल

उत्तर : ही चकाकी म्हणजे चामड्यात न शिरता पृष्ठभागावर सुकून बसलेला जादा रंग. स्पिरिटने किंचित ओलसर केलेल्या कापडाने तो पुसून काढावा, एक दिवस जाऊ द्यावा आणि मग पांढऱ्या कोरड्या फडक्याने, फडक्याला काळेपणा लागेनासा होईपर्यंत, घासत राहावे. त्यानंतरच वरून ॲक्रिलिकचा संरक्षक थर द्यावा. न घासता थर दिला, तर जादा रंग त्या थरातच मिसळतो.

प्रश्न : लोखंड आणि व्हिनेगर यांपासून काळा रंग घरी करता येतो, असे वाचले. हे खरे आहे का? तो टिकतो का?
— एक विद्यार्थी, प्रतापनगर

उत्तर : खरे आहे आणि काळ्यासाठी आमची पहिली पसंती यालाच आहे. व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्लात लोखंड विरघळून लोहाचा क्षार तयार होतो. हा क्षार चामड्यातील टॅनिनला भेटला, की हवेच्या संपर्कात निळसर काळे संयुग बनते. हा रंग चामड्याच्या धाग्यांतच जन्माला येत असल्यामुळे बाटलीतल्या काळ्या रंगासारखा कपड्यांना लागत नाही. ही विद्या आपल्याकडे जुनीच आहे. आंध्रातील श्रीकाळहस्तीचे कलमकारी कारागीर कापडाला आधी हिरड्याचा रस आणि दूध पाजतात आणि मग गूळ घालून आंबवलेल्या लोखंडाच्या पाण्याने काळ्या रेषा काढतात. त्यामागचे रसायनशास्त्र हेच.

कृतीत पहिली अडचण लोखंडाची येते. स्वयंपाकघरातील चकचकीत तारेची घासणी बहुधा स्टेनलेस स्टीलची असते आणि ती व्हिनेगरमध्ये महिनाभर ठेवली तरी काही उपयोग होत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, गंजणारी बारीक लोखंडी तार घ्यावी आणि तिच्यावरचे तेल साबणाने धुऊन काढावे. काचेच्या बरणीत साधे पांढरे व्हिनेगर घालून त्यात ती बुडवावी. झाकण घट्ट लावू नये, कारण त्यातून हायड्रोजन वायू निघतो. एक-दोन आठवड्यांत तार बरीचशी विरघळली, की द्रव कापडातून गाळून घ्यावा.

चामड्यात टॅनिन कमी असेल, तर काळ्याऐवजी नुसता राखाडी रंग येतो. त्यासाठी इतवारीच्या किराणा ओळीतून हिरडा आणावा, तो भरडून उकळावा आणि त्याचा थंड, गाळलेला काढा चामड्याला आधी पाजावा. कडक कोऱ्या चहानेही काम भागते, पण हिरड्याचा काळा अधिक खोल येतो. लोखंडाचे पाणी लावल्यावर काही क्षणांतच चामडे काळे पडू लागते. यानंतरची पायरी बरेच हौशी कारागीर आळसापोटी गाळतात आणि वर्षभरात पट्ट्याला भेगा पडल्या की रंगाला दोष देतात. एक लिटर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून ते पाणी चामड्यावर फिरवावे, म्हणजे उरलेले आम्ल मारले जाते. मग स्वच्छ पाण्याने धुवावे आणि चामडे किंचित ओलसर असतानाच तेल द्यावे. क्रोमने कमावलेल्या चामड्यावर ही कृती करू नये, कारण त्यात लोहाशी संयोग पावणारे टॅनिन नसते.

प्रश्न : न रंगवलेल्या चामड्यावर आपोआप बारीक काळे ठिपके उमटले आहेत.
— एक वाचिका, सक्करदरा

उत्तर : वरच्या उत्तरातील क्रियाच येथे नकळत घडली आहे. ओल्या चामड्यावर रापीला, म्हणजे चामडे कापण्याच्या सुरीला, धार लावतानाची लोखंडाची कीस पडली, किंवा बोअरच्या पाण्यात लोह असले, तर असे होते. ताजे ठिपके लिंबाच्या रसाने फिके पडतात. नंतर ती जागा पाण्याने पुसून घ्यावी.

प्रश्न : रंगवलेल्या पाकिटावर डिसेंबरमध्ये पांढरी साय धरली. ही बुरशी आहे का? चामड्याला कोणते तेल द्यावे?
— एक वाचक, सीताबर्डी

उत्तर : केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा त्यावर सोडून पाहावी. साय वितळून आत जिरली, तर ती चरबी आहे. न वितळता जागेवरच राहिली, तर बुरशी. आपण खोबरेल दिले असेल, तर पहिलीच शक्यता अधिक, कारण खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठते आणि नागपूरच्या हिवाळ्यात पहाटे पारा त्याच्या किती तरी खाली असतो. विदर्भात घरोघरी जवसाचे तेल सहज मिळते म्हणून अनेक जण ते वापरतात. तसे करू नये. जवसाचे तेल हवेने घट्ट होऊन वाळते, हा गुण लाकडाला उपकारक असला तरी चामडे त्याने कडक होते. करंजेल चामड्याला मानवते, मात्र वास सोसावा लागतो.

प्रश्न : निवृत्तीनंतर हे काम शिकत आहे. पहिल्या वस्तू ओबडधोबड झाल्या. त्यातच नातेवाईक म्हणतात, "हे काम आपले नव्हे." महागडी परदेशी अवजारे घेतली तर काम सुधारेल का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : परदेशी अवजारांचा संच घेऊन केलेल्या कामाला कला म्हणायचे आणि तेच काम पिढ्यानपिढ्या करणाऱ्या चर्मकार व ढोर समाजांतील कारागिरांना कमी लेखायचे, ही विसंगती आपल्या नातेवाइकांनीच तपासून पाहावी. हिरडा, बाभूळ, करंजेल यांविषयी या सदरात लिहिले जाते ते ज्ञान त्याच हातांनी जपलेले आहे. आपण रापी, भोके पाडायची आरी, मेणदोरा आणि एक चांगली पाटी एवढ्यावर सुरुवात करावी. आपल्या भागातील एखाद्या चर्मकाराला त्याच्या वेळेचा मोबदला देऊन काही दुपारी त्याच्या शेजारी बसावे. रापी कोणत्या कोनात धरतात, ते पाहूनच कळते. पहिल्या ओबडधोबड वस्तू टाकू नयेत, नवा रंग आधी त्यांच्या मागच्या बाजूवर लावून पाहता येतो.

प्रश्न : तान्ह्या पोळ्यासाठी नातवाच्या लाकडी बैलाला घुंगरांचा लाल चामडी पट्टा करायचा आहे. कोणता रंग घ्यावा?
— एक आजी, नंदनवन

उत्तर : स्पिरिटमधील लाल रंग ओला झाला की सहज सुटतो आणि पोळा ऐन पावसाळ्यात येतो, म्हणून येथे तो टाळावा. लहान मूल पट्टा तोंडात घालण्याची शक्यता आहे, हेही कारण आहेच. पाण्यात मिसळणारा, मुलांसाठी सुरक्षित असल्याचे डब्यावर स्पष्ट लिहिलेला ॲक्रिलिक लाल रंग घ्यावा आणि त्याचे पातळ हात द्यावेत. जाड थर पट्टा वाकवला की तडकतो. घुंगरांसाठीची भोके रंगाआधी पाडावीत, म्हणजे भोकांच्या कडाही रंगतात. भाद्रपदाच्या तोंडावरच्या दमट हवेत रंग सुकायला वेळ लागतो, त्यामुळे बैलाच्या गळ्यात बांधण्याआधी पट्टा निदान आठवडाभर मोकळ्या हवेत टांगून ठेवावा.