शाल-हार सोडून मंडळीने (चर्चच्या सभासदांनी) पाळकांचा, म्हणजे पास्टरांचा, सन्मान कसा करावा?

शाल-हार जरूर घाला, पण आधी पाळकांचं मानधन वेळेवर आणि घर नीट चालेल इतकं द्या. बायबलमधल्या पौलाच्या पत्रात, १ तीमथ्य ५:१७ मध्ये, उपदेश व शिक्षणात श्रम घेणाऱ्या वडिलांना (मंडळीच्या पुढाऱ्यांना) दुप्पट सन्मानास योग्य म्हटलंय, आणि लगेच पुढच्या वचनात मळणीच्या बैलाला मुसके न घालण्याची, कामकऱ्याच्या मजुरीची गोष्ट येते. म्हणजे पौल पैशांबद्दलही बोलतोय. शिवाय उपदेशातलं नेमकं काय उपयोगी पडलं ते त्यांना सांगा; नुसत्या 'छान झालं, पाळकसाहेब'पेक्षा त्याने खूप उभारी येते. पाळकीणबाईंना (पाळकांच्या पत्नीला) विसरू नका, त्यांचं काम बहुधा बिनपगारी असतं. मात्र सन्मानाच्या नावाखाली चुकांवर पांघरूण घालू नका: त्याच अध्यायात दोघा-तिघा साक्षीदारांनिशी आलेल्या आरोपाची दखल घ्यायला सांगितलं आहे.