पीपी तापलं नाही, तर मशीनला दोष देऊ नको

भाऊ, जळगावच्या एमआयडीसीत चटईला वापरतात ते पीपीचे (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचे) दाणे तू मायक्रोवेव्हमध्ये ठेवलेस आणि ते जवळपास थंडच राहिले, हे बरोबरच आहे. पीपी, पॉलिथिन अध्रुवीय, म्हणजे त्यांच्या रेणूंना विजेची धन-ऋण टोकं नसतात, म्हणून मायक्रोवेव्हच्या 2.45 गिगाहर्ट्झच्या लहरी त्यांच्यातून आरपार जातात. काजळी मिसळलेला काळा माल मात्र तापतो.

इपॉक्सीचं, म्हणजे तापवून कडक करतात त्या राळेचं, वेगळं. ती जसजशी तापते तसतशी जास्त ऊर्जा ओढते, म्हणून एकाच जागी करपते. माझा इपॉक्सीत बसवलेल्या काचतंतूंचा पहिला तुकडा वरून झकास होता. कापला तर आत तपकिरी डाग आणि जळका वास. तेव्हापासून शक्ती कमी ठेवतो, मध्ये मध्ये थांबतो.

कार्बन फायबरची मोकळी टोकं ठेवू नको, ठिणग्या उडतात. आणि स्वयंपाकघरातला ओव्हन यासाठी अजिबात नको, त्यात पोरांचं दूध तापतं रे.