निवृत्तांचा पत्रसंवाद : थंडी सरताना दिवसाची घडी

माघ सरून फाल्गुन लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत हयातीचा दाखला, गुडघेदुखी आणि मुलांची लग्ने हे विषय असतात. आता बेळगाव, खानापूर, निपाणी अशा सगळीकडून दिवस जड जातो, झोप बिघडली, काय करावे सुचत नाही अशी पत्रे येऊ लागली आहेत. त्यांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : गेल्या वर्षी मी शिक्षक म्हणून निवृत्त झालो. बेळगावात हिंदवाडीत राहतो. पहाटे पाचला उठून व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या मैदानात फिरायला जाण्याचा नेम मी थंडीभर पाळला. महाशिवरात्रीनंतर मात्र दुपारी जेवल्यावर दोन-दोन तास झोप लागते, रात्री बारापर्यंत डोळा लागत नाही आणि पहाटे उठलो तरी अंगात हुशारी नसते. शाळेची घंटा होती तेव्हा असे कधी झाले नाही. दिनक्रम कसा बसवावा?

उत्तर : शाळेत असताना आपला दिनक्रम वर्षभर एकसारखा होता असे आपल्याला आज वाटत असले तरी तसा तो नव्हता. उन्हाळा जवळ आला की सकाळची शाळा भरत असे, डबा बदलत असे, दुपारी घरी येऊन विसावा मिळत असे. ऋतूप्रमाणे दिवस हलवण्याचे काम तेव्हा मुख्याध्यापकांची सूचना करीत असे. आता ती सूचना आपली आपणच काढायची आहे. निवृत्तीनंतरची पुष्कळशी मरगळ वयामुळे येत नाही, थंडीत बसवलेला दिनक्रम उन्हाळ्याच्या तोंडाशी तसाच रेटल्यामुळे येते, असे आमचे ठाम मत आहे.

आपल्या भागापुरता हिशेब पाहू. जानेवारीच्या मध्यास बेळगावात सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो, मार्चअखेर साडेसहाच्या सुमारास आणि एप्रिल संपता संपता सहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. म्हणजे साडेतीन महिन्यांत सकाळ जवळजवळ तासभर अलीकडे येते. शरीराचे घड्याळ सकाळच्या उजेडावर लागते. पाचला उठून काळोखात फिरून आलात आणि उजाडल्यावर घरात वर्तमानपत्र घेऊन बसलात, तर चालण्याचा व्यायाम होतो, पण झोप-जागेपणाची घडी बसायला लागणारा उजेड डोळ्यांना मिळत नाही. शिवाय कडाक्याच्या थंडीत, धुके असताना, साठी उलटलेल्या माणसाने काळोखात बाहेर पडणे हृदयासाठी आणि श्वासासाठीही बरे नाही. म्हणून पुढच्या थंडीत सात वाजून गेल्यावर, ऊन अंगावर घेत फिरावे. आता फाल्गुनात साडेसहाच्या सुमारास निघावे आणि चैत्रात सहालाच बाहेर पडून ऊन तापायच्या आत परतावे.

दुपारच्या झोपेवर कडक व्हावे लागेल. अर्धा तास पुरे, आणि तोही तीनच्या आत. बँकेची, महानगरपालिकेची, दवाखान्याची कामे अकराच्या आत उरकावीत आणि दुपारी एक ते चार ही वेळ घरात बसून करण्याच्या कामासाठी राखावी. आपल्या शहरातील सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चालू आहे. सकाळी तेथून पुस्तक आणले तर दुपारचे तीन तास अंगावर येत नाहीत. साडेपाचनंतर घाटाकडून वारा सुटतो. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर राहणाऱ्यांना मिळणारे हे सुख आहे, त्या वेळी घरात दूरदर्शनसमोर बसू नये.

जेवणही बदलावे. थंडीतली बाजरीची भाकरी, तीळ, शेंगदाण्याची चटणी यांचे प्रमाण कमी करून जोंधळ्याची भाकरी, ताक, आंबील यांवर यावे आणि रात्रीचे जेवण आठच्या आत आटोपावे. पांघरुणाची मात्र घाई करू नये. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते असे आपल्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे म्हणतात, तरी ती एका रात्रीत जात नाही. दुपारी पंखा आणि पहाटे वाकळ असे दिवस मार्चच्या मध्यापर्यंत राहतात, आणि खोकल्याची दुखणी नेमकी याच दिवसांत, अंगावरचे पांघरूण लवकर काढल्याने येतात.

आणखी एक सुचवावेसे वाटते. मार्च-एप्रिल हे दहावीच्या परीक्षेचे दिवस आहेत. आपल्या गल्लीत मराठी माध्यमाची दोन-तीन मुले तरी असतील, ज्यांना गणिताची शिकवणी परवडत नाही. सकाळी आठ ते नऊ त्यांना घरी बोलवा. मुले दाराशी येऊन ‘सर’ म्हणून हाक मारतात तेव्हा दाढी-आंघोळ उरकून वेळेवर बसावेच लागते, आणि तेथून पुढचा दिवस आपोआप मार्गी लागतो.

प्रश्न : माझे यजमान बँकेतून निवृत्त झाले. दिवसभर घरात असतात, दर तासाला चहा मागतात आणि मी वाळवणाला बसले की ‘हे सगळे बाजारात मिळते’ म्हणतात. त्यांची नोकरी संपली, माझे काम दुप्पट झाले. मी काय करू? (एक वाचक भगिनी, शहापूर)

उत्तर : ताई, आपली तक्रार रास्त आहे, आणि ती आपण यजमानांना समोर बसवून याच शब्दांत सांगावी. निवृत्ती एकाची झाली तरी घरकामाची वाटणी दोघांत नव्याने करावी लागते. ती न केल्यास सगळे ओझे बाईवरच पडते, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. चहाच्या दोन वेळा आपण ठरवाव्यात आणि बाकीचा चहा ज्याला हवा त्याने करून घ्यावा. साठ वर्षांच्या माणसाला चहा करणे अवघड नाही.

वाळवणाचे म्हणाल तर तेच काम त्यांच्या हाती द्यावे, कारण त्यात हिशेब आहे, बाजार आहे आणि राखण आहे. वर्षाची मिरची घेण्याचे हेच दिवस. रंगाला सुरकुतलेली ब्याडगी आणि तिखटाला बारीक, लांब संकेश्वरी असा मेळ घालायचा असतो. दुकाना-दुकानांतून हातात घेऊन, वास घेऊन, दमट माल परत करून खरेदी करणे हे बँकेत हयात घालवलेल्या माणसाला चांगले जमेल. घरी आणल्यावर देठ काढायचे, सुती कापडावर पातळ पसरून दोन-तीन कडक उन्हे द्यायची आणि मिरची हलवल्यावर आतले बी वाजू लागले म्हणजे ती कुटायला तयार झाली असे समजायचे. या दिवसांत पहाटे दव पडते, म्हणून सूर्य मावळण्याच्या आत कापड गोळा करून घरात घेतले पाहिजे, नाहीतर दिवसभराचे ऊन वाया जाऊन मिरचीला बुरशी धरते. ही सांज-सकाळची ने-आण आणि अधूनमधून कावळ्या-माकडांपासून राखण यजमानांकडे सोपवावी. कुटायला नेतानाही त्यांनाच पाठवावे. सांडग्या मिरच्यांत मेथी, धणे, मीठ भरण्याचे काम आपण शेजारणींबरोबर निवांत करावे, आणि त्या दुपारी यजमानांनी जेवण वाढून घ्यावे.

‘बाजारात मिळते’ हे म्हणणे खरे आहे. आपल्याला करायचे नसेल तर खुशाल विकत आणावे; परंतु ते आपण ठरवावे, काम न करणाऱ्याने नव्हे.

प्रश्न : आम्ही दोघे जांबोटी भागात गावी राहतो. मी रेल्वेतून निवृत्त झालो असून घरची थोडी काजूची झाडे आहेत. मुलगा पुण्याला आहे. उन्हाळाभर तिकडे या, एकटे राहू नका, असा त्याचा आग्रह आहे. जावे का?

उत्तर : मुलाचा आग्रह प्रेमाचा आहे, पण वेळ चुकीची आहे. काजूला आता मोहोर सरून बोंडे धरू लागली असतील आणि मार्च ते मे हाच आपला हंगाम आहे. या दिवसांत झाडांखालून उचलून पुण्याच्या सदनिकेत तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसलात तर दोघांचाही जीव रमणार नाही, आणि बी दुसऱ्याच्या पोत्यात जाईल. उलट मुला-सुनेला आणि नातवंडांना मे महिन्यात गावी बोलवा. करवंदे, फणस, आंबे तेव्हाच असतात. आपण पुण्याला जावे ते जून ते सप्टेंबर. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे तेव्हा पाऊस कोसळत असतो, वीज दिवसेंदिवस जाते आणि रात्री-अपरात्री दवाखाना गाठणे कठीण होते. मुलाची काळजी खरी त्या दिवसांसाठी आहे, हे त्याला समजावून सांगितले तर तो ऐकेल.

मात्र बागेतले काम वयाला धरून करावे. पडलेली बोंडे वेचायला पूर्ण उजाडल्याशिवाय जाऊ नये, कारण आपल्या भागात अस्वले आणि गवे पहाटेच्या अंधारात फिरतात. वाळल्या पाल्यात हात घालण्यापूर्वी काठीने पाला हलवावा आणि पायात बूट असावेत. बी पिळून काढल्यावर दोन-तीन उन्हे द्यावीत. घरी बी भाजायची असल्यास टरफलातील तेल अंगावर उडू देऊ नये. त्याने कातडी भाजते. दहाच्या पुढे बागेत थांबू नये, उरलेली वेचणी संध्याकाळी करावी.

प्रश्न : वय ७१. रक्तदाबाची गोळी अनेक वर्षे चालू आहे. गेल्या पंधरवड्यापासून उठताना चक्कर येते. हवामानाचा संबंध असेल का? (निपाणी)

उत्तर : असू शकतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो, ऊन वाढले की तो उतरतो. त्यात घाम येतो आणि उतारवयात तहान कमी लागत असल्याने पाणीही कमी प्यायले जाते. त्यामुळे थंडीत ठरवलेली मात्रा उन्हाळ्यात जास्त होऊ शकते. परंतु गोळी आपल्या मनाने कमी किंवा बंद करू नये. चार-पाच दिवस सकाळी बसून आणि मग उभे राहून रक्तदाब मोजावा, आकडे वहीत लिहावेत आणि ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जावे. तोवर अंथरुणावरून उठताना आधी कुशीवर वळावे, कडेला मिनिटभर बसावे आणि मगच उभे राहावे. छातीत दुखणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काही झाल्यास आठवड्याची वाट न पाहता तत्काळ दवाखाना गाठावा.

प्रश्न : आम्ही टिळकवाडीतील सहा-सात निवृत्त मैत्रिणी आहोत. ऊन कडक होण्याआधी एका दिवसात जाऊन येण्याजोगे ठिकाण सुचवावे.

उत्तर : हलशीला जा. गोव्याच्या कदंब राजांच्या काळातील, बाराव्या शतकातले भूवराह नरसिंहाचे मंदिर तेथे आहे, आणि वाटेत नंदगडला, इंग्रजांविरुद्ध लढून १८३१ मध्ये फाशी गेलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीचे दर्शनही होते. खानापूर ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला या दिवसांत पळस फुललेला असतो. जून २०२३ पासून कर्नाटक राज्यातील साध्या सरकारी बसमध्ये महिलांना प्रवास विनामूल्य आहे. त्यासाठी येथील पत्ता असलेले आधार कार्ड जवळ ठेवावे. सकाळी सातची गाडी धरावी, पाणी आणि दहीभात बरोबर घ्यावा, खानापूरला परतीच्या गाडीची वेळ आधीच विचारून ठेवावी, आणि शक्यतो मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच जाऊन यावे.