प्रश्न वाचकांचे : पुलावरचे लाकूड आणि चार तासांचा ब्लॉक

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये राहते. पुलावरची झिजलेली लाकडे बदलण्यासाठी तिच्या गावचा रेल्वेमार्ग काही दिवस बंद राहणार असल्याचे तिने कळवले. लोखंडी पुलावर लाकूड कशासाठी? आपल्या ठाण्याच्या बाजूलाही ते असते का, आणि असले तर रविवारच्या ब्लॉकमध्ये ते कसे बदलतात?
— एक वाचक, कळवा

उत्तर : माझी सारी नोकरी रेल्वेमार्गाच्या देखभालीत गेली, त्यामुळे आपल्या प्रश्नाने फार बरे वाटले.

जमिनीवर रुळांखाली खडी असते आणि गाडीचा हादरा ती पचवते. जुन्या पद्धतीच्या गर्डर पुलावर, म्हणजे लोखंडी तुळयांवर उभ्या असलेल्या पुलावर, खडी नसते. रूळ स्लीपरवर (रुळांखालच्या आडव्या ओंडक्यांवर), स्लीपर थेट गर्डरवर आणि त्याखाली पाणी. तिथे किंचित दबून पुन्हा सावरणारे काहीतरी मध्ये लागते आणि लाकूड ते काम उत्तम करते. दुसरे कारण सहसा लक्षात येत नाही. रिव्हेट मारलेल्या गर्डरचा माथा सपाट नसतो. मध्यावर ताण अधिक, म्हणून तिथे पोलादी पट्ट्यांचे थर जास्त, टोकांकडे कमी, आणि त्यावर रिव्हेटची डोकी वर आलेली असतात. रूळ मात्र एका पातळीत हवेत. हा फरक स्लीपरला खालून खाच पाडून भागवावा लागतो. काँक्रीटचा स्लीपर अशा रीतीने तासता येत नाही, शिवाय त्याचे वजन अडीचशे किलोंहून अधिक भरते. साल किंवा सागाचा स्लीपर शंभर किलोंच्या आसपास असतो आणि अरुंद पुलावरही चार-सहा माणसे तो सांभाळून हलवू शकतात. सिग्नलसाठी रुळांतून वीज खेळवलेली असते. कोरडे लाकूड दोन रूळ एकमेकांपासून अलग ठेवते, हाही एक फायदाच.

आपल्या मुलीने सांगितलेल्या पुलावर बहुधा आडव्या स्लीपरऐवजी रुळाच्या खाली, रुळाच्याच दिशेने टाकलेल्या लांब तुळया असाव्यात. ब्रुनेल या अभियंत्याने ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मार्ग अशाच लांब लाकडांवर उभारला होता. तिकडच्या काही जुन्या पुलांवर ती रीत टिकून आहे. १८९० मध्ये खुल्या झालेल्या स्कॉटलंडच्या फोर्थ पुलावरही लांब लाकडेच आहेत. तुळई बदलायची तर तिच्या पूर्ण लांबीवरचा रूळ उचलावा लागतो, त्यामुळे दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तुकड्यातुकड्याने काम उरकत नाही आणि मार्ग काही दिवस बंद ठेवणेच शहाणपणाचे ठरते. आडवे स्लीपर मात्र एका ब्लॉकमध्ये दोन, पुढच्या ब्लॉकमध्ये तीन असे बदलता येतात.

ठाण्याहून रेल्वे १ मे १८५४ रोजी कल्याणला पोहोचली, ती खाडी ओलांडूनच. तेव्हा पूल आणि आपले शहर यांचे नाते जुने आहे. आजची स्थिती अशी, की वाशीच्या खाडीवरचा रेल्वेपूल काँक्रीटचा आहे आणि गर्डर पुलांवरही लाकडाची जागा पोलादी चॅनलचे स्लीपर घेत आहेत. चांगले लाकूड मिळेनासे झाले, त्याला आग लागण्याची भीती असते आणि ते कुजते, ही कारणे रास्तच आहेत. तरीही पोलादी स्लीपरला खाली रबरी पॅड आणि रुळाजवळ वीजरोधक तुकडे द्यावे लागतात आणि खाडीच्या खाऱ्या हवेत त्याच्या गंजाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. जपानमध्ये काचतंतू आणि पॉलियुरेथेन फोम यांपासून केलेले कृत्रिम लाकूड १९८० च्या दशकापासून वापरात आहे. ते करवतीने कापता येते आणि कुजत नाही.

आता बदलण्याविषयी. लाकूड वरून क्वचितच खराब दिसते. ते कुजते ते खाली, गर्डरला टेकते तिथे, कारण पावसाचे पाणी तिथे साचून राहते. वर रुळाखालची लोखंडी बैठक लाकडात रुतत जाते, स्क्रूची भोके सैल होतात आणि १६७६ मिलिमीटरचे गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, हळूहळू फाकते. आम्ही स्लीपरवर हातोडी मारून आवाज ऐकत असू. निरोगी लाकूड टणक वाजते, आतून गेलेले बद्द वाजते. तिथे टोच्या खुपसला की काळपट, ओला भुसा बाहेर येतो. असा प्रत्येक स्लीपर खडूने खुणावून त्याच्या जागेवर गर्डरची उंची मोजायची आणि त्या मापाची खाच नव्या लाकडाला आधीच पाडून त्यावर क्रमांक घालायचा. बारा क्रमांकाचा स्लीपर तेराव्या जागी बसत नाही. ही तयारी अनेक दिवस चालते. प्रवाशाला दिसतो तो फक्त ब्लॉक.

चार तासांचा ब्लॉक म्हणजे चार तासांचे काम नव्हे. शेवटची गाडी गेल्याचे कळते, वरच्या तारेतील पंचवीस हजार व्होल्टचा प्रवाह बंद होतो, तार जमिनीला जोडली जाते आणि मगच पहिला पाना लागतो. आधी आतले गार्ड रूळ, म्हणजे घसरलेल्या गाडीला आवरणारे जादा रूळ, निघतात, मग स्लीपरला गर्डरशी धरून ठेवणारे हूक बोल्ट. जॅकवर रूळ जेमतेम उचलून जुने लाकूड बाजूला ओढतात आणि नवे सरकवतात. पायाखाली फटींतून भरतीचे पाणी दिसत असते, म्हणून अवजारे दोरीने बांधलेली असतात. हूक बोल्टच्या वरच्या टोकावर एक बाण कोरलेला असतो. तो रुळाला काटकोनात, गर्डरच्या बाजूला वळलेला दिसला, तरच खालचा आकडा गर्डरच्या कडेत अडकला आहे असे समजायचे. बाण तिरपा असेल तर नट कितीही आवळलेला असो, बोल्ट काहीच धरत नाही.

नोकरीच्या सुरुवातीला एका ब्लॉकमध्ये आमचे ठरलेले स्लीपर वेळेआधी बसले आणि पन्नास मिनिटे उरली. आणखी एक उघडू या, असे मी म्हणालो. आमच्या मुकादमांनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, “साहेब, जेवढं झाकता येईल तेवढंच उघडायचं.” ती पन्नास मिनिटे त्यांनी प्रत्येक बोल्टचा बाण पुन्हा तपासण्यात घालवली. त्यांत दोन बाण तिरपे निघाले.

प्रश्न : काम पूर्ण झाल्यावरही त्या ठिकाणी गाड्या कित्येक दिवस रखडत का जातात? काम नीट झालेले नसते का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : काम नीट झालेले असते, पण लाकूड अजून बसलेले नसते. नवी खाच गर्डरवर दबते, तंतू आवळले जातात आणि पहिल्या काही गाड्यांनंतर घट्ट केलेले बोल्टही थोडे ढिले पडतात. म्हणून सुरुवातीला वेग ताशी वीस-तीस किलोमीटरवर आणतात, गँग रोज फिरून नट पुन्हा आवळते, गेज आणि पातळी मोजते आणि मापे स्थिर राहिली की वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात. खिडकीतून पाहिलेत तर पुलाच्या अलीकडे वेगाचा आकडा लिहिलेला पिवळा फलक दिसेल. तो काढण्याचा निर्णय वेळापत्रक पाहून नव्हे, तर मोजमापाची वही पाहून होतो.