आधी रेशन, मग झोप

प्रिय मुली,

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या प्रशिक्षणाला निघाली आहेस, आणि विचारतेस की कोविडच्या काळात हेल्पलाइनवर लोक नेमकं काय बोलायचे. खरं सांगू? मनाबद्दल फार थोडे बोलायचे.

25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली आणि फोन यायला लागले: रेशन कुठे मिळेल, गावी जायला पास मिळेल का, अंगात कणकण आहे, चाचणी कुठे होते. नवख्या समुपदेशकाला वाटतं, हा काही आपला फोन नाही. आपलाच असतो. पगार थांबलेल्या माणसाला लगेच दीर्घ श्वास घ्यायला सांगू नकोस, त्याचा संताप रास्त असेल. रेशनचं काय ते सांग, मग विचार, "रात्री झोप लागते का?" पुढचं तो आपणहून बोलतो.

दारूची दुकानं मेच्या सुरुवातीपर्यंत बंद होती. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की हात थरथरतात, भास होतात, फिटही येते. घरच्यांना कधी ती बाहेरची बाधा वाटते. इथे समुपदेशन करत बसायचं नाही, तडक दवाखान्यात पाठवायचं. जिवावर बेतू शकतं.

एका खोलीत सगळं घर कोंडलेलं असताना नवरा मारतो हे बाई सांगणार कशी? ती मधेच भाजीचे भाव बोलायला लागली, तर समज की कुणीतरी आत आलंय. हो-नाहीत उत्तर देता येईल असंच विचार. तिला न विचारता उलट फोन तर मुळीच करू नकोस.

2021 च्या एप्रिल-मेमध्ये आधी बेड आणि ऑक्सिजनसाठी विचारणा व्हायची, नंतर तीच माणसं म्हणायची, "माझ्यामुळेच आईला लागण झाली, शेवटचं तोंडही दिसलं नाही." त्यावर "असं नसतं हो" म्हणणं सोपं आहे, पण तिथेच बोलणं संपतं. त्यापेक्षा आई कशी होती, ते विचार.

आणि शंका आलीच तर सरळ विचार: "मरून जावं असं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. लोकांना पोलिसांची भीती असते, म्हणून 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 वाचून ठेव: आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असं कायदाच गृहीत धरतो.

रुजू झालीस की जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, ते आधी विचारून घे.

तुझ्या मॅडम