दोन नोबेल, आणि ओळख मात्र गोळीवाले

प्रश्न : सर, लायनस पॉलिंगवर वाचत होतो, दोन नोबेल मिळालेला अमेरिकन केमिस्ट. मित्राला सांगितलं तर म्हणतो "अरे तो सर्दीला व्हिटॅमिन सी घ्या म्हणणारा ना?" एवढ्या मोठ्या माणसाची ओळख अशी का झाली? आणि दोन नोबेल तर मेरी क्युरीला पण होते ना?

उत्तर : मित्र चूक नाही हो, अर्धाच बरोबर आहे. आधी क्युरीबाईंचं सांगतो. त्यांचं १९०३ चं नोबेल नवरा पिएर आणि बेकरेल यांच्यासोबत वाटून होतं. पॉलिंगना १९५४ चं केमिस्ट्रीचं आणि १९६२ चं शांततेचं, दोन्ही एकट्याला, आणि असा आजवर दुसरा कोणी झालेला नाही.

आता नावाचं. गंमत अशी की त्यांची केमिस्ट्री इतकी सगळ्यांची झाली की तिच्यावर त्यांचं नावच कोणी वाचत नाही. इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीच्या (म्हणजे अणू इलेक्ट्रॉन स्वतःकडे किती ओढतो त्याच्या) तक्त्यात फ्लोरीनसमोर ४ च्या आसपासचा आकडा असतो ना, ती स्केल त्यांची. कार्बनचं एसपी३ हायब्रिडायझेशन (कार्बन चार बाजूंना चार बंध कसे जोडतो त्याचं उत्तर) पण त्यांचंच, आणि सिकल सेल हा रक्ताचा आजार म्हणजे हिमोग्लोबिनच्या रेणूतला बिघाड आहे हे १९४९ मध्ये त्यांच्याच टीमने दाखवलं. पण परीक्षेत आकडा विचारतात, माणूस कोण विचारतं!

लोकांना माणूस दिसला तो लॅबच्या बाहेर. अणुचाचण्या थांबवा म्हणून ११ हजारांवर शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा करून १९५८ मध्ये त्यांनी त्या युनोला दिल्या. त्याआधी १९५२ ला सरकारने त्यांच्या राजकीय मतांपायी पासपोर्टच नाकारला होता. आणि एप्रिल १९६२ चा तो किस्सा तर भारीच, दिवसा व्हाइट हाउसबाहेर हातात फलक धरून चाचण्यांविरुद्ध निदर्शनं करत होते, आणि संध्याकाळी कपडे बदलून बायको एव्हा हेलनसोबत आत अध्यक्ष केनेडींकडे जेवायला, कारण नोबेलवाल्यांची पार्टी होती आणि यांनाही आमंत्रण होतं. शांततेचं नोबेल १९६२ सालचं असलं तरी जाहीर झालं ते अणुचाचणीबंदी करार लागू झाला त्याच दिवशी, १० ऑक्टोबर १९६३ ला. तेव्हा 'लाइफ' मॅगझिनने अग्रलेखाला मथळा दिला 'नॉर्वेकडून विचित्र अपमान'. स्वतःच्या देशातलं मॅगझिन, बघा!

मग १९७० मध्ये व्हिटॅमिन सी आणि सर्दीवरचं त्यांचं पुस्तक आलं, आणि दुकानांत गोळ्यांवर उड्या पडल्या. दोन नोबेलवाला सांगतोय म्हटल्यावर कोण तपासत बसणार. माझ्या मते इथेच ते घसरले, म्हणजे हट्टी तर आधीपासूनच होते, पण केमिस्ट्रीत त्या हट्टाचा बहुतेक वेळा फायदाच झाला. (बहुतेक म्हणतोय, कारण १९५३ मध्ये डीएनएचे तीन पेडही त्यांनीच सांगितले होते, निघाले दोन!) पुढे कॅन्सरवरही सी चालतं म्हणाले, पण अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या हॉस्पिटलच्या १९७९ आणि १९८५ च्या चाचण्यांत काही फायदा दिसला नाही. ते मात्र चाचणीच चुकीची म्हणत राहिले, १९९४ मध्ये गेले तोवर.

आणि सर्दीचं विचाराल तर रोज सी घेतल्याने बहुतेकांची सर्दी टळत नाही, फार तर थोडी लवकर आटपते. जास्तीचं लघवीतून निघून जातं, फारच घेतलं तर पोट बिघडतं.

मित्राला एवढं दाखवा, २००८ मध्ये अमेरिकन पोस्टाने शास्त्रज्ञांच्या मालिकेत पॉलिंगचं ४१ सेंटचं तिकीट काढलं, त्यावर रक्तपेशी आहेत, गोळी नाही.